दिवा निवडताना: माळ्यावरचा जुना, दुकानातला नवा

 

आज आपण घरातल्या दिव्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, दिव्यात काय बोलायचं? बल्ब गेला की दुकानातून दुसरा आणायचा आणि होल्डरला लावायचा, झालं. पण जरा आठवून बघा. आपल्या घरात बल्ब कोण आणतं? बहुतेक घरांत बाजाराला गेलेला पुरुष आणतो, समोर असेल तो आणतो. आणि त्या उजेडात काम कोण करतं? तांदूळ निवडणं, भाकरी थापणं, मुलांचा अभ्यास घेणं, रात्री उठून गोठ्यात जाणं, सगळं आपणच करतो. ज्या उजेडात आपण राबतो, तो निवडण्यात आपला हात असला पाहिजे, इतकं साधं हे म्हणणं आहे. यात डोळ्यांचा प्रश्न आहे, विजेच्या बिलाचा आहे, भाजण्याचा आणि विंचूकाट्याचा आहे. आणि माळ्यावर पडलेल्या आजेसासूच्या पितळी दिव्याचाही आहे. किलोच्या भावाने तो भंगारात गेला की परत येत नाही.

आधी घरातून एक फेरी मारा

दुकानात जाण्याआधी संध्याकाळी दिवेलागणीला घरातून एक फेरी मारा. ओटी, माजघर, स्वयंपाकाची जागा, देवघर, न्हाणी, मागची पडवी, गोठा. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: इथे काय काम होतं?

आपल्या कौलारू घरांत बल्ब बहुतेक वर तुळईला नाहीतर वाशाला टांगलेला असतो, आणि आपण काम करतो खाली बसून. उजेडाचा एक नियम आहे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की कामावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणजे कामापासून दहा फुटांवर टांगलेला बल्ब वायर लांबवून पाच फुटांवर आणला, तर त्याच बल्बचा जवळजवळ चौपट उजेड सुपात पडतो. नवा बल्ब घ्यायची गरजच पडत नाही. फक्त डोकं आपटणार नाही आणि चुलीची वाफ, धूर थेट लागणार नाही एवढं बघायचं.

दुसरी गोष्ट भिंतीची. चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत उजेड खाते. पांढरी भिंत तोच उजेड परत फेकते. दिवाळीच्या आधी चुन्याचा एक हात मारला की त्याच बल्बमध्ये स्वयंपाकघर उजळतं.

तिसरी गोष्ट सावलीची. दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली कामावर पडते. मुलगा उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा त्याच्या डाव्या अंगाला हवा. शिलाईच्या मशीनवर दिवा सुईच्या जवळ हवा, छताला नको.

जुने दिवे: काय ठेवायचं, कसं ओळखायचं

आता माळ्यावर चढू या. आपल्या भागातल्या जुन्या घरांत समई, निरांजन, लामणदिवा, कंदील हे हमखास सापडतं. मोठ्या घरांत, देवळांत काचेची हंडीही असते. हंडीत खाली पाणी, वर तेलाचा थर आणि त्यावर तरंगती वात असायची. लग्नामुंजीत गॅसबत्ती असायची, ती पंप मारून पेटवायची.

कंदिलाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काच कारखाना होता. तिथला ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत होता. परदेशी कंदिलांच्या जोडीला आपल्या मातीत तयार झालेला हा स्वदेशी कंदील. तुमच्या माळ्यावरच्या कंदिलाच्या टाकीवर किंवा काचेवर नाव कोरलेलं आहे का ते जरूर बघा. ते कारखानदारीच्या इतिहासाचा एक तुकडा आहे.

जुनी वस्तू खरी कशी ओळखायची? चार सोप्या परीक्षा आहेत.

पहिली, लोहचुंबक लावा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा.

दुसरी, हातात घेऊन वजन बघा. ओतीव समई तिच्या आकाराच्या मानाने जड लागते. पत्र्याची ठोकून केलेली हलकी असते. हलकी म्हणजे वाईट असं नाही, पण दोन्हींची किंमत सारखी नसते.

तिसरी, जोड बघा. समईचे भाग मळसूत्राने, म्हणजे आट्यांनी, एकात एक बसतात. आटे झिजले असतील तर समई डुगडुगते, आणि डुगडुगणारी पेटती समई घरात लहान मूल असताना धोक्याची.

चौथी, कंदिलाच्या टाकीत आधी पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला झाला असेल तर टाकी गळते. अशा टाकीत तेल घालू नका, कंदील शोभेला ठेवा.

आणि विकायचाच झाला तर? भंगारवाला वजनावर घेतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात तोच दिवा नगावर जातो. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या गल्ल्यांमध्ये, जुन्या हंड्या, कंदील, लामणदिवे टांगलेले असतात. शहरातले लोक, हॉटेलवाले ते हौसेने नेतात. म्हणून दारावर आलेल्या माणसाला त्याच पावली वस्तू देऊ नका. फोटो काढा, गटात दाखवा, दोन ठिकाणी विचारा. विकायच्या दिव्याला तारेच्या घासणीने किंवा तेजाबाने लख्ख करायला जाऊ नका. जुनेपणाची जी गडद झाक असते तिलाच घेणारा पैसे मोजतो. घरात वापरायच्या दिव्याला मात्र आपलं आमसूल, चिंच, लिंबू आणि मीठ उत्तम.

जुन्यातली एक वस्तू मात्र खुशाल सोडून द्या

ती म्हणजे रॉकेलची चिमणी. शाईच्या बाटलीला भोक पाडून वात घातलेली, काच नसलेली. तिच्या उजेडात आपल्या आया शिकल्या, आपण वाढलो, हे खरं. पण तिचा धूर थेट श्वासात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शनात घरात रॉकेल जाळू नये असंच सांगितलं आहे. त्यात उघडी ज्योत आणि सहज कलंडणारी बाटली. पोराचा पाय लागला की गोधडी पेटते. कंदिलाला निदान काच आणि बूड असतं, चिमणीला काहीच नसतं. वीज गेल्यावर लावायला म्हणून चिमणी ठेवली असेल तर तिच्या जागी बॅटरीचा दिवा आणा. या एका बाबतीत काटकसर नको.

नवे दिवे: खोक्यावरचं वाचायला शिका

५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब स्वस्तात गावोगाव आले. आता दुकानात दुसरं काही मिळतच नाही म्हणा ना. पण एलईडी सगळे सारखे नसतात. खोक्यावर चार गोष्टी बघायच्या.

पहिली वॅट. वॅट म्हणजे वीज किती खाणार. उजेड किती पडणार ते ल्युमेनवर कळतं. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन उजेड द्यायचा. आजचा ९ वॅटचा चांगला एलईडी तेवढा किंवा थोडा जास्तच देतो. दोन खोकी शेजारी धरा. वॅट सारखे असतील तर ज्याचे ल्युमेन जास्त तो बल्ब चांगला.

हिशेब करून बघू. दिवसाला पाच तास, महिन्याचे तीस दिवस. ६० वॅटचा बल्ब महिन्याला ९ युनिट खातो. ९ वॅटचा सव्वा ते दीड युनिट. एका दिव्यामागे साडेसात युनिट वाचली. युनिटला समजा दहा रुपये धरले तर महिन्याला पंचाहत्तर रुपये. घरात असे चार दिवे असतील तर तीनशे. गटाचा महिन्याचा हप्ता कितीचा आहे, ते तुम्हीच ताडून बघा.

दुसरी गोष्ट उजेडाचा रंग. खोक्यावर आकड्यापुढे ‘के’ लिहिलेलं असतं. २७०० के म्हणजे समईसारखा पिवळसर, ऊबदार उजेड. ६५०० के म्हणजे पांढरा, निळसर झाक असलेला. तांदूळ निवडायला, शिलाईला, अभ्यासाला पांढरा किंवा मधला, ४००० केचा, बरा. ओटीवर, देवघरात, झोपायच्या जागी पिवळा बरा. अंगणात आणि पडवीत तर पिवळाच लावा. पावसाळी किडे पांढऱ्या-निळ्या उजेडावर जास्त झेपावतात, पिवळ्यावर कमी. किडे कमी आले की त्यांच्या मागे येणारे बेडूक कमी, आणि बेडकांमागून येणारं जनावरही कमी.

तिसरी गोष्ट सीआरआय. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा असतो. १०० म्हणजे उन्हासारखा. ८० च्या खालचा घेऊ नका. हळदीचा रंग, साडीचा रंग, तापलेल्या मुलाच्या चेहऱ्याचा रंग खरा दिसायला हवा. शिवणकाम करणाऱ्या बहिणींनी ९० चा मिळाला तर बघावा.

चौथी, खुणा. बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, तसंच वीज बचतीचे तारे. बाजारात ढिगातून मिळणाऱ्या बिनखुणेच्या बल्बची हमी कोणाकडे मागणार? पावती घ्या, हमीची तारीख खोक्यावर लिहून घ्या आणि खोकं जपून ठेवा.

मेक्सिकोचा पत्रा आणि आपला बांबू

आता जरा लांब जाऊ. शहरातल्या सजावटीच्या दुकानांत मेक्सिको देशाचे दिवे मोठ्या किमतीला विकले जातात. हे दिवे असतात कशाचे? बरेचसे पत्र्याचे! कथील चढवलेल्या पातळ पत्र्याला तिथे ‘ओखालाता’ म्हणतात. मेक्सिको चांदीच्या खाणींचा देश, पण चांदी गरिबाला कुठून परवडणार? म्हणून पत्र्याला ‘गरिबाची चांदी’ असं नाव पडलं. सान मिगेल दे आयेंदे नावाच्या गावात कारागीर या पत्र्याला खिळ्याने आणि छिन्नीने बारीक नक्षीची भोकं पाडतात. आत दिवा लावला की भिंतीवर चांदण्या पसरतात. ओआहाका भागातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावात काळ्या मातीची भांडी करतात. दोन्या रोसा नावाच्या कुंभारणीने १९५० च्या सुमाराला मडकं भाजण्याआधी गारगोटीने घासायची रीत शोधली आणि मडक्याला आरशासारखी चकाकी आली. त्या मातीचे जाळीदार दिवे आज जगभर जातात. एका बाईच्या हातामुळे सगळ्या गावाला काम मिळालं.

त्याच देशात लुईस बारागान नावाचा मोठा वास्तुरचनाकार होऊन गेला. मेक्सिको शहरातलं त्याचं १९४८ सालचं घर २००४ पासून जागतिक वारसा म्हणून जपलं जातं. त्या घरात छताच्या मधोमध झगझगीत दिवा नाही. कोपऱ्यात, टेबलावर, खाली असे छोटे छोटे दिवे आहेत, आणि उरलेली खोली सावलीत. आपल्या माजघराला हे काही परकं नाही. कोनाड्यातली पणती, देवापुढचं निरांजन, ओटीवरचा कंदील, आपली घरंही अशीच होती. एका मोठ्या ट्यूबऐवजी कामाच्या जागी एक एक छोटा दिवा, ही निवड वीजही वाचवते आणि घरालाही शोभते.

मग आपल्याकडे काय आहे? बांबू आहे आणि बुरुडकाम जाणणारे हात आहेत. टोपली विणणाऱ्या हाताला दिव्याची छत्री विणणं अवघड नाही. रायगड आणि प्रतापगड पाहायला येणारे पाहुणे आपल्याच रस्त्याने जातात. ज्या गटांचं घरगुती मुक्कामाचं किंवा जेवणाचं काम आहे, त्यांनी शहरातून प्लास्टिकचं झुंबर आणण्यापेक्षा ओटीवर बांबूची छत्री टांगावी. पाहुण्यालाही तीच हवी असते. बांबू वापरताना दोन नियम: आत फक्त एलईडीच लावायचा, कारण जुना पिवळा बल्ब फार तापतो, आणि बल्ब व बांबू यांच्यात निदान चार बोटांचं अंतर ठेवायचं.

जुन्यात नवं बसवताना

हंडीत किंवा कंदिलात विजेचा दिवा बसवण्याची आता हौस आहे. चांगलीच आहे, पण धातूच्या वस्तूत थेट घरातली वीज नेत असाल तर तिसरी वायर, म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर, त्या धातूला जोडलेलीच हवी. नाहीतर आत वायर सोलली गेली की सगळा दिवाच करंट मारतो. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. याहून सोपा उपाय म्हणजे कंदिलात बॅटरीवरचा छोटा एलईडी ठेवणं. त्यात शॉकचा धोका नाही आणि जुन्या दिव्याला भोकही पाडावं लागत नाही. पुढे वाटलं तर तो पुन्हा होता तसा करता येतो.

पावसाळा, पूर आणि काळोख

आपल्या भागात दिवा निवडताना पावसाळा विसरून चालणार नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत माणसाच्या उंचीच्या वर गेलं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. अशा वेळी काळोखात हाताशी दिवा असणं म्हणजे जिवाचा आधार.

म्हणून प्रत्येक घरात विजेवर न चालणारे दोन दिवे हवेत. एक हातात धरायची बॅटरी, ती उशाशी. रात्री परसात किंवा लाकडांच्या ढिगाकडे जाताना फुरसं आणि मण्यार बॅटरीच्या उजेडातच दिसतात. आणि एक ठेवायचा दिवा, सौर कंदील असेल तर उत्तम. बल्बमध्येच बॅटरी असलेले इन्व्हर्टर बल्ब मिळतात, ते वीज गेल्यावर तीन-चार तास चालतात. एका रात्रीला ते पुरतात, आठवड्याच्या काळोखाला नाही. सौर दिवाही सलग ढगांत पूर्ण भरत नाही. म्हणून पाऊस उघडेल तेव्हा तो बाहेर ठेवायचं काम घरातल्या एका मुलाकडे सोपवून टाका.

नदीकाठच्या घरांनी बटणाचा बोर्ड आणि प्लग २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यावेत, निदान नवी वायरिंग करताना तरी. पाणी शिरायला लागलं की आधी मेन बटण बंद करायचं, तेही कोरड्या जागी उभं राहून. पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करायचं नाही. पुरात बुडालेला एलईडी बहुधा कामातून जातो. पितळी समई मात्र चिखलातून काढली, आमसुलाने घासली की पुन्हा उभी राहते. म्हणूनही ती जपायची.

गटाने काय करावं

आयआयटी मुंबईने २०१४ पासून शाळेतल्या मुलांसाठी लाखो सौर दिवे दिले. त्यांची खासियत अशी की दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच लोकांना शिकवलं, आणि पुढच्या टप्प्यात बचत गटांच्या बायकांनाही. ज्या हातांनी गोधडी शिवता येते त्यांना दिव्याची वायर जोडता येते. आपल्या गटातल्या एका दोघींनी हे शिकून घ्यावं. बल्ब घाऊक घेतले तर भावही कमी पडतो.

आणि एक दिवस आपल्याकडे आधीपासून ठरलेलाच आहे. आषाढातली दिव्यांची अवस. त्या दिवशी आपण घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडतो, पूजा करतो, कणकेचे गोड दिवे करतो. नेमका तो भर पावसाचा काळ असतो. यंदा त्या पाटावर समई-निरांजनाच्या शेजारी हातबॅटरी आणि सौर कंदीलही मांडा. बॅटरीचे सेल बदला, कंदिलाची काच पुसा, समईचे आटे बघा, होल्डरची सैल वायर वायरमनला दाखवा. कुठल्या खोलीत कोणता दिवा कमी पडतो त्याची यादी गटाच्या वहीत लिहा, आणि ती यादी घेऊन बाजाराला तुम्ही स्वतः जा.

तुमच्या माळ्यावर नाव कोरलेला जुना कंदील किंवा वेगळ्या घडणीचा लामणदिवा सापडला तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या बोलण्यात त्याची माहिती सगळ्या मैत्रिणींना देऊ.